मळ्यातला वाटा: भाजीचे पैसे सहा महिने आधी का भरायचे?

गेल्या महिन्यात नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी एक निरोप टाकला. मखमलाबादकडच्या मळ्यातली भाजी, आठवड्यातून एकदा. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. कोणती भाजी येईल ते मळा ठरवेल.

तासाभरात तीसेक प्रश्न आले. सहा महिने आधी कशाला? निवडता येत नसेल तर मग घ्यायचं कशाला? हे सेंद्रिय आहे का? कागद आहे का? पैसे घेऊन कोणी पळून गेलं तर? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "आणि गारा पडल्या तर काय, गारा घ्यायच्या का?" सगळे हसले. पण मला वाटतं, सगळ्यांत नेमका प्रश्न त्यांचाच होता. ही सगळी रचना त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर उभी आहे.

मळा माझ्या मामांचा. एक एकर, विहीर, थोडं कालव्याचं पाणी. मामा, मामी आणि मामेभाऊ शेत करतात, आणि हिशेबाची वही माझ्याकडे असते. म्हणून हे समजावण्याचं काम मी अंगावर घेतलं आहे. एकीकडे असा वाटा घेऊ की नको या विचारात पडलेल्यांसाठी, आणि दुसरीकडे आपल्या घरच्या मळ्यात असं काही सुरू करावं का, याचा विचार करणाऱ्यांसाठी. नाशिकच्या आसपास अशी घरं पुष्कळ आहेत.

खानावळीची गोष्ट

शिकायला नाशिकला आलेली मुलं खानावळ लावतात. महिन्याचे पैसे पहिल्या तारखेला भरतात. आज काय भाजी, हे खानावळवाल्या मावशी ठरवतात. पोळीगणिक पैसे कोणी मोजत नाही. मावशींना पहिल्याच दिवशी कळतं की या महिन्यात तीस ताटं आहेत, म्हणून किराणा तेवढाच भरला जातो, गॅस तेवढाच लागतो आणि रात्री पातेली रिकामी होतात. मुलं ताटाचे पैसे देतात असं वाटतं, पण खरं तर ती एक स्वयंपाकघर महिनाभर चालू ठेवत असतात.

खानावळीच्या जागी मळा ठेवा. पंचवीस कुटुंबं हंगाम सुरू होण्याआधी पैसे भरतात, त्या पैशातून बी, शेणखत, मजुरी भागते, आणि मळ्यात जे पिकेल त्याचे पंचवीस वाटे होतात. याला जगभर कम्युनिटी सपोर्टेड अॅग्रिकल्चर म्हणतात, मराठीत समुदाय-आधारित शेती. दोन्ही शब्द जड आहेत. आमच्या घरात आम्ही ‘वाटा’ म्हणतो आणि कुटुंबांना ‘वाटेकरी’. बाजारात भाजीवाली पोत्यावर छोटे छोटे ढीग लावते, त्यालाही आपण वाटाच म्हणतो, त्यामुळे हा शब्द लोकांना लगेच कळला.

दुधाच्या रतिबात आणि यात मात्र एक मोठा फरक आहे. गवळ्याने दूध आणलं नाही तर त्या दिवसाचे पैसे कापले जातात. म्हैस आटली तर तो त्याचा प्रश्न. वाट्यात तो प्रश्न सगळ्यांचा होतो. भाजी भरघोस आली तर पिशवी जड, कमी आली तर हलकी, पैसे तेवढेच. ही गोष्ट नीट पटल्याशिवाय कोणी पैसे भरू नयेत, आणि ती नीट सांगितल्याशिवाय शेतकऱ्याने घेऊ नयेत.

टोमॅटोचं कॅरेट

मुळात हा खटाटोप कशासाठी? २०२३ चा जुलै आठवा. शहरात टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता. बातम्या त्याच्याच, घराघरात आमटीत चिंच पडत होती. दोन महिन्यांत, सप्टेंबरमध्ये, नाशिक जिल्ह्यातले शेतकरी तोच टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, कारण वीस किलोच्या कॅरेटला मिळणाऱ्या पैशांत तोडणी आणि गाडीभाडंही सुटत नव्हतं. जुलैचा भाव बघून लावलेली रोपं सप्टेंबरात सगळ्यांची एकदम तोडणीला आली. रोप लावल्यापासून पहिल्या तोड्याला दोन-सव्वादोन महिने लागतात. भाव मात्र दोन दिवसांत बदलतो. हे अंतर कोणाच्याही हुशारीने मिटत नाही.

शिवाय आपण दिलेला रुपया. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये टोमॅटो, कांदा आणि बटाट्याच्या भावांचा अभ्यास केला, त्यात ग्राहकाने टोमॅटोला दिलेल्या रुपयातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोचतात असं दिसलं. कांद्यात ३६, बटाट्यात ३७.

उरलेले पैसे सगळे लुटीचे असं म्हणणं मला पटत नाही. त्यात हमाली आहे, तोलाई आहे, मुंबईपर्यंतचं डिझेल आहे, भाजीवाल्याकडे संध्याकाळी सडून फेकलेला माल आहे. आणि बाजार समितीचा एक गुण मान्य करायलाच हवा. संध्याकाळी माल नेला की रात्री तो आपला राहत नाही. मेथीचा शंभर जुड्यांच्या हिशेबाने लिलाव होतो, दोन मिनिटांत सौदा, विषय संपला. वाट्याच्या शेतीत ही सगळी कामं नाहीशी होत नाहीत, ती आपल्या ओट्यावर येतात. निवडणं, पिशव्या भरणं, पोचवणं, पंचवीस घरांचे फोन. ‘मधला माणूस काढला’ असं म्हणताना तो मधला माणूस आता आपली मामी आहे, हे विसरता येत नाही.

ही कल्पना आली कुठून?

जपानमध्ये १९७० च्या दशकात शहरातल्या गृहिणी दुधात, भाज्यांत उतरणाऱ्या फवारणीच्या औषधांनी आणि कारखान्यांच्या प्रदूषणाने धास्तावल्या होत्या. त्यांनी थेट शेतकऱ्यांशी करार केले: तुम्ही असं पिकवा, आम्ही सगळं घेऊ. त्या पद्धतीला तिथे ‘तेइकेइ’ म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी असे वाटे सुरू केले, त्यामागे स्वित्झर्लंड आणि जर्मनीतले अनुभव होते. फ्रान्समध्ये २००१ पासून ही चळवळ वाढली.

आपल्याला हे अगदीच परकं नाही. खळ्यावर वर्षाचं बलुतं मोजून दिलं जायचं ते कामगणिक नव्हे, वर्षाच्या नात्याचं. पीक बुडालं तर बलुतंही आटायचं. त्या व्यवस्थेत जात होती, जन्माने ठरलेलं काम होतं, ती परत आणण्यासारखी नाही. पण ‘वर्षाचं ठरवून टाकणं’ आपल्या अंगवळणी आहे, एवढं नक्की.

आता वही उघडू

भाव कसा ठरतो ते समजलं की निम्म्या शंका मिटतात. बाजारात प्रश्न असतो, किलोला किती? वाट्यात प्रश्न उलटा असतो, हा मळा वर्षभर चालवायला किती लागतात? ती रक्कम वाटेकऱ्यांच्या संख्येने भागायची. किलोचा भाव सगळ्यांत शेवटी निघतो.

एक नमुन्याचा हिशेब मांडते. आकडे समजण्यापुरते गोल केले आहेत, प्रत्येकाने आपले घालावेत. एक एकर, पंचवीस कुटुंबं. बी आणि रोपं ४५,०००. शेणखत, पेंड, फवारणीचे अर्क ५०,०००. ठिबकच्या नळ्या आणि दुरुस्ती २०,०००. एक कायमचा गडी आणि खुरपणीच्या बायका मिळून १,८०,०००. भाजी पोचवणं ६०,०००. कॅरेट, पिशव्या १५,०००. वीज आणि मोटारीची दुरुस्ती २०,०००. बेरीज ३,९०,०००.

बहुतेक घरांत वही इथे बंद होते. ‘घरचीच माणसं, त्यांची कसली मजुरी?’ मामाही हेच म्हणाले. मी मामींकडे बघितलं. पहाटे साडेपाचला मेथी उपटणारी, दुपारी जुड्या बांधणारी, संध्याकाळी रोपांना झारीने पाणी घालणारी बाई वहीत कुठेच नव्हती. घरची मजुरी शून्य धरली की भाजी स्वस्त पडते, आणि मुलगा शेत सोडून अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत जातो. हा हिशेब नीट नसेल तर बाकी सगळं व्यर्थ आहे असं मी आजही म्हणते. म्हणून घरच्या दोन माणसांचे महिन्याला पंधरा-पंधरा हजार धरले, वर्षाचे ३,६०,०००. एकूण झाले ७,५०,०००.

भागिले पंचवीस: वर्षाला प्रत्येकी ३०,०००. वर्षात चार आठवडे सुट्टीचे सोडून ४८ आठवडे धरले तर आठवड्याला ६२५ रुपये. पिशवीत सरासरी सहा किलो भाजी धरली तर किलोला १०४.

महाग आहे. मी लपवत नाही. पण तोच हिशेब चाळीस कुटुंबांवर करून बघा. बी, खत, मजुरी, गाडीभाडं वाढेल, समजा खर्च ३,९०,००० चा ५,००,००० होईल. घरची मजुरी तीच ३,६०,०००. एकूण ८,६०,०००, भागिले चाळीस म्हणजे २१,५००. आठवड्याला ४४८, किलोला ७५ च्या आसपास. विहीर एकच, मामी एकच. वाटेकरी वाढले की प्रत्येकाचा भार हलका होतो.

मग पहिल्याच वर्षी चाळीस का घ्यायचे नाहीत? जमिनीमुळे. पंचवीस घरांना वर्षाला ७,२०० किलो भाजी लागते, चाळिसांना ११,५२०. एका एकराचे चाळीस गुंठे, त्यातून पायवाटा, खताचा खड्डा, रोपवाटिका, कडेची झाडं वजा केली तर वाफ्यांना बत्तीस गुंठे उरतात. पंचवीस घरांसाठी गुंठ्याला वर्षाकाठी २२५ किलो काढायचे, ते नेटाने जमतं. चाळीस घरांसाठी ३६०, तेही दर आठवड्याला थोडं थोडं. नवख्याला ते झेपत नाही. पहिल्या वर्षी पंधरा-वीस घरं घ्यावीत, आणि त्या वर्षी घरची मजुरी पूर्ण निघणार नाही हे घरात बसून आधी बोलून घ्यावं. दुसरं उत्पन्न नसेल तर निम्मी जमीन वाट्याला आणि निम्मी नेहमीच्या बाजाराला ठेवावी. आम्ही तेच केलं.

सगळा मळा एकदम पेरायचा नाही

बाजारासाठी पिकवणारा शेतकरी अर्ध्या एकरावर एकाच दिवशी कोबी लावतो, एकदम काढतो, एकदम विकतो. वाट्याच्या मळ्याला हे चालत नाही. इथे दर आठवड्याला सात-आठ प्रकार लागतात, थोडे थोडे. हे घरच्या अंगणातल्या परसबागेसारखं आहे, फक्त पंचवीस घरांची परसबाग.

मेथी पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत येते आणि आठवडाभरात जून होते. म्हणून दर आठवड्याला दोनच वाफे टाकायचे. कोथिंबिरीला चाळीस-पंचेचाळीस दिवस. पालक एकदा पेरला की दोन-तीनदा कापता येतो. भेंडी दीड महिन्याने सुरू होते आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते, वाटेकऱ्यांचा वार असो वा नसो. कोबीला अडीच ते तीन महिने, गाजराला जवळपास तेवढेच. याचा अर्थ, दिवाळीनंतरच्या पिशवीत कोबी हवा असेल तर तो ऑगस्टमध्ये रोपात असायला हवा. मामेभावाने भिंतीवर कॅलेंडर उलटं लिहिलं आहे: आधी पिशवीची तारीख, मग मागे मोजत पेरणीची.

पहिल्या वर्षी आम्ही इथेच चुकलो. वाटेकऱ्यांना मेथी फार आवडते म्हणून ऑगस्टमध्ये सगळी एकदम टाकली. सलग पाच दिवस झड लागली, वाफ्यांत पाणी साचलं, मेथी जागेवर कुजली. त्या आठवड्यात पिशवीत गिलके, डांगर आणि अळू एवढंच होतं. आता पावसाळ्यात पालेभाजी उंच गादीवाफ्यावर आणि शेडनेटखालीच घेतो, आणि तीन जागी वाटून.

नाशिकच्या ऋतूंप्रमाणे पिशवी बदलते. पावसाळ्यात वेलांचं राज्य: गिलके, दोडके, कारली, दुधी, काकडी, शिवाय भेंडी, गवार, अंबाडी, अळू. थंडीत चंगळ: टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, वाटाणा, गाजर, मुळा, बीट, मेथी, पालक, शेपू, कांद्याची पात. उन्हाळ्यात पुन्हा भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, आणि बांधावरच्या शेवग्याच्या शेंगा. कठीण काळ मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या मोजक्या. त्यासाठी वर्षभर तयारी करावी लागते. कांदाचाळीत साठवलेला कांदा, टांगलेला लसूण, माळ्यावरचं डांगर आणि झाडाची कैरी. मामींनी एका वर्षी वाळवलेल्या गवारीच्या पुड्या दिल्या. निम्म्या घरांना त्यांचं काय करायचं माहीत नव्हतं, म्हणून मग दाण्याचं कूट घालून करायची कृतीही चिठ्ठीवर लिहून दिली.

जमिनीची विश्रांतीही याच कॅलेंडरात धरावी. आमच्याकडे बत्तीस गुंठ्यांचे चार-चार गुंठ्यांचे आठ तुकडे आहेत. पाळीपाळीने एकात ताग पेरतो आणि फुलावर आला की खत म्हणून मातीत गाडतो. वांगी काढली त्या तुकड्यात लगेच टोमॅटो किंवा मिरची नाही, तिघंही एकाच कुळातली, त्यांचे रोग मातीत टिकतात.

गारा पडल्या तर?

काकूंचा प्रश्न. २६ नोव्हेंबर २०२३ ला नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाडकडे, गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. एका दुपारचा खेळ. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

एकाच पिकाच्या शेतात गारा पडल्या तर वर्ष जातं. पंचवीस पिकांच्या मळ्यात पालेभाज्या, टोमॅटो झडतात, पण गाजर, मुळा, बीट, कांदा, लसूण जमिनीखाली असतात, आणि मेथी पुन्हा महिन्याभरात उगवते. दोन-तीन पिशव्या हलक्या जातात. पैसे परत मिळत नाहीत, कारण ते पैसे बियाण्यात, मजुरीत आधीच गेलेले असतात. नुकसान एका घरावर न पडता सव्वीस घरांत विभागलं जातं: पंचवीस वाटेकरी आणि सव्विसावे आम्ही. प्रत्येकाच्या वाट्याला येतं ते दोन आठवडे बाजारातून भाजी आणण्याएवढं. तेच नुकसान एकट्या घरावर पडलं असतं तर गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज थकलं असतं.

पण निसर्गाने केलेलं नुकसान आणि आळसाने झालेलं नुकसान यांत फरक आहे. मोटार बिघडली आणि आठ दिवस दुरुस्तच केली नाही, म्हणून रोपं वाळली, हे वाटेकऱ्यांनी का सोसायचं? आमच्या कागदावर स्पष्ट लिहिलं आहे: सलग तीन आठवडे ठरलेल्या सरासरीच्या निम्म्याहून कमी भाजी आली तर सगळ्यांना मळ्यावर बोलावून कारण दाखवायचं आणि पुढच्या हंगामाच्या रकमेत सूट ठरवायची.

"मला गिलके आवडत नाहीत"

ऑगस्टमध्ये हे दर आठवड्याला ऐकू येतं, आणि तक्रार खरी आहे. उपाय साधा निघाला. पिशवी घ्यायच्या जागी एक रिकामं कॅरेट ठेवतो. नको ती भाजी त्यात टाका, दुसऱ्याने टाकलेली हवी ती उचला. गिलके सोडून भेंडी नेणारे आणि भेंडी सोडून गिलके नेणारे, दोन्ही भेटतात.

तरीही ज्या घरात मुलं तीनच भाज्या खातात, किंवा कोणी महिन्यातून पंधरा दिवस बाहेरगावी असतं, त्यांनी वाटा घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते. भाजी फ्रिजमध्ये सडली की त्यांचाही जीव दुखतो आणि आमचाही. दोनच माणसांच्या घराला अर्धा वाटा असतो.

बाजारात याहून स्वस्त मिळते

थंडीत मिळते, हो. जानेवारीत कोबी आणि फ्लॉवर मातीमोल असतात तेव्हा आमची पिशवी महाग वाटते. जुलैत बाजार चढतो तेव्हा तीच स्वस्त वाटते. वर्षाचा मेळ घातला तरी बाजारातल्या साध्या भाजीपेक्षा ती थोडी वरच बसते, कारण तिच्यात घरच्यांची मजुरी धरलेली आहे. निव्वळ स्वस्ताईसाठी यात येणाऱ्याची निराशा होईल.

मग हे पैसेवाल्यांचंच झालं का? हा प्रश्न मला टोचतो. आमच्याकडे दोन वाटे श्रमाचे आहेत: आठवड्यातून एक सकाळ तोडणीला यायचं, रक्कम निम्मी. सहा महिन्यांचे एकदम भरण्याऐवजी महिन्याच्या महिन्याला भरण्याची सोयही काही घरांना दिली आहे. एवढ्याने प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही.

सेंद्रिय आहे कशावरून?

हा शब्द सगळ्यांत जास्त झिजला आहे. निर्यातीला त्रयस्थ संस्थेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याचा खर्च एका एकराला झेपत नाही. लहान शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकारची पीजीएस-इंडिया नावाची सहभागी हमी पद्धत आहे. त्यात किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या शेतांची पाहणी करून एकमेकांची हमी घेतात. रासायनिक शेतीतून येणाऱ्या जमिनीला पूर्ण प्रमाणपत्र मिळायला दोन-तीन वर्षं जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांत थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्राच्या अटीतून सवलत आहे. पण सवलत आहे म्हणून वाटेल ते म्हणायचं असं नाही.

नाशिकमध्ये यात एक खास अडचण आहे, ती म्हणजे शेजारची द्राक्षबाग. छाटणीनंतर तिथे ब्लोअरने औषध मारतात आणि वाऱ्याबरोबर ते बांध ओलांडतं. शेजाऱ्याशी भांडून उपयोग नाही, त्याचंही पोट त्या बागेवर आहे. आम्ही त्या बाजूला शेवरी आणि मक्याची दाट रांग लावली आहे, बांधालगतचे दहा-बारा फूट खाण्याची भाजी घेत नाही, आणि फवारणी कधी आहे हे शेजारचे काका आदल्या दिवशी फोन करून सांगतात.

पाण्याचा प्रश्न लोक विचारत नाहीत, तो सगळ्यांत आधी विचारायला हवा. शहराचं सांडपाणी मिसळलेल्या नाल्यावर किंवा नदीच्या खालच्या अंगाच्या पाण्यावर वाढवलेली पालेभाजी, तिच्यावर एक थेंब औषध नसलं तरी, कच्ची खाण्याजोगी नसते. विहिरीचं पाणी वर्षातून एकदा तपासून अहवाल वाटेकऱ्यांना दाखवावा. माझ्या मते खरी हमी उघड्या फाटकाची असते. आमच्याकडे कोणत्याही रविवारी न सांगता येता येतं, औषधाची खोली बघता येते.

कायद्यात बसतं का?

बसतं. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, त्यामुळे शेतकऱ्याला आपली भाजी बाजार समितीबाहेर कोणालाही विकता येते. ताज्या भाजीवर जीएसटी नाही.

दोन गोष्टी मात्र जपाव्यात. पहिली, वाटा पिकात असतो, जमिनीत नव्हे. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, तेव्हा ‘मळ्याचे मालक व्हा’ असली भाषा नको. दुसरी, घेतलेल्या पैशांवर व्याज, परतावा, दामदुप्पट यांतला एकही शब्द तोंडातून काढायचा नाही. २०१९ च्या कायद्याने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी आणली आहे, आणि नाशिककरांनी अशा योजनांत पुष्कळ पोळून घेतलं आहे. ही भाजीची आगाऊ रक्कम आहे, ठेव नाही. दोन पानांचा कागद करावा, त्यावर आठवडे, वार, जागा, रक्कम, हलक्या पिशव्यांचं काय आणि मध्येच सोडायचं असेल तर काय, एवढं लिहावं. पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवावेत. वर्षअखेरीला वही सगळ्यांसमोर वाचावी. पळून जाण्याच्या शंकेला यापेक्षा चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही. आणि नवख्या मळ्यात पैसे भरणाऱ्याने पहिल्यांदा तीनच महिन्यांचे भरावेत.

"हे आमच्याच्याने होईल का?"

हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातून येतो, बहुतेकदा घरातल्या बाईकडून, आणि तो सर्वांत गंभीरपणे ऐकावा. चुलतभावाचं लग्न असो, अंगात ताप असो, बुधवारी पिशव्या जायच्या म्हणजे जायच्या. बाजाराला एक दिवस माल नाही नेला तर कोणी फोन करत नाही. इथे पंचवीस घरं वाट बघतात. म्हणूनच वर्षात चार आठवडे सुट्टी आधीच धरली आहे, त्यातले दोन मे महिन्यात. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत शहरातले रस्ते बंद असतील, त्या आठवड्यांचे वार आम्ही आत्तापासूनच बदलून लिहिले आहेत.

घरोघरी पोचवण्याचा मोहही टाळावा. पहिले सहा महिने मामेभाऊ मोटारसायकलवर प्रत्येक दारात जायचा, तिसऱ्या मजल्यावर चढायचा, आणि रात्री दहाला जेवायचा. आता दोनच जागा आहेत, एक गंगापूर रोडला आणि एक इंदिरानगरला, संध्याकाळी पाच ते सात. ज्याची भाजी त्याने न्यायची. गंमत म्हणजे लोकांची एकमेकांशी आणि मळ्याशी ओळख झाली ती या बदलामुळेच, पिशवी दाराला अडकवून जाण्याने झाली नव्हती.

मोठ्या प्रमाणावर करायचं असेल तर त्याला दुसरी वाट आहे. शेतकऱ्यांची कंपनी, शीतगृह, निर्यात. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्सने ते उभं करून दाखवलं आहे, हजारो शेतकऱ्यांना घेऊन. ते निराळं काम आहे. एका कुटुंबाच्या मळ्याची शक्ती वेगळी असते. कोणत्या घरात नुकतं बाळ झालंय आणि शेपू जास्त द्यायचा, हे मामींना पाठ असतं.

ज्यांना यंदा सुरू करायचं आहे त्यांनी पावसाळ्यात पहिली पिशवी देऊ नये. जूनमध्ये ताग पेरा, जुलैत गाडा, ऑगस्टमध्ये कोबी, टोमॅटो, वांग्याची रोपं टाका, ऑक्टोबरपासून दर आठवड्याला मेथीचे दोन वाफे. ओळखीची पंधरा घरं गाठून त्यांना आधी मळ्यावर जेवायला बोलवा, पैशांचं बोलणं नंतर. पहिली पिशवी नोव्हेंबरात जाऊ द्या. आमच्या पहिल्या पिशवीत पालक, मुळा, वांगी, गिलके, कोथिंबीर आणि मूठभर मिरच्या होत्या, साडेचार किलो भरली होती. मामींनी ती वजनकाट्यावरून उतरवली, थोडा वेळ बघत राहिल्या, आणि आत जाऊन शेवग्याच्या पाल्याची एक जुडी घेऊन आल्या.